४१७/अ

माझं काम लहान.
आलेल्या कागदाच्या कोपऱ्यात शिक्का,
शिक्क्यात तारीख, खाली वेळ, त्याखाली माझी आद्याक्षरं.
डिचोलीच्या पतसंस्थेत बावीस वर्षं एवढंच करतो.
कुणाचं काय कधी आलं, ते मला ठाऊक असतं;
का आलं, हा माझा रकाना नव्हे.

विशांती गावसचा राजीनामा आला
सोमवारी, अकरा वाजून दहा मिनिटांनी.
रोकड अकराशे चाळीसने कमी भरली होती
आणि मॅनेजरांनी ठेवीदारांसमोर
तिला पर्स उपडी करायला लावली होती.
कंगवा. मुलीच्या खोकल्याचं औषध.
चवथीच्या माटोळीसाठी घेतलेली दोन कवंडळं,
त्यातलं एक घरंगळत काउंटरखाली गेलं,
ते काढायला कुणी वाकलं नाही.

तिने व्हाउचरच्या पाठीवर लिहिलं :
महिनाअखेरीस मला मोकळं करावं.
रागात माणसाचं अक्षर बिघडतं म्हणतात.
तिचं बिघडलं नव्हतं.

बुधवारी पैसे सापडले,
पिग्मी एजंटाच्या पिशवीत, रबरबँडसकट.
हे तिला ऑफिसने कळवलं नाही,
पहाटे उंडे देताना पोदेराने सांगितलं.

गुरुवारी नऊ चाळीसला शटर अर्धंच वर होतं.
ती वाकून आत आली.
राजीनामा परत घेते, एवढंच कागदावर.
मी शिक्का मारला.
"पोचलं ना?" तिने विचारलं.
पोचलं, म्हटलं.

साडेअकराला मॅनेजरांनी आत बोलावलं.
"बुधवारचं पान काढ."
शेवटच्या नोंदीखाली, लाल रेघेच्या वर
नखभर जागा होती.
तिथे बसवायचं होतं : राजीनामा मंजूर, जावक.
चारशे सतरा बुधवारचा शेवटचा,
चारशे अठरा गुरुवारी निघून गेलेला,
म्हणून अ.
पेन तेच, शाई तीच.
हात माझा.

त्यानंतर चार वर्षं पणजीला तारखा.
संस्थेचा वकील म्हणे, मंजूर झाला की बाण सुटला,
भात्यात परत कसा येईल?
तिचा म्हणे, महिना संपेपर्यंत
तो नुसता ताणलेला दोर होता, साहेब,
दोर सैल सोडायला कुणाची परवानगी?
दोघांकडे निवाड्यांच्या जाड झेरॉक्स.
आणि सगळं भांडण उभं होतं
बुधवार नि गुरुवारच्या मधल्या त्या नखभर जागेत.
ती दरम्यान म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात
शेजारणीबरोबर पापड विकत होती.
मला दिसली एकदा. मी सुक्या मासळीकडून फिरून गेलो.

परवा माझी साक्ष.
तिचा वकील तरुण, मराठी जपून बोलणारा.
रजिस्टर माझ्यापुढे धरून म्हणाला,
"बावीस वर्षांत असे किती अ घातलेत?"
"एक."
"ही ओळ इतरांपेक्षा बारीक का आहे?"
समोरच्या बाकावर मॅनेजर चष्मा पुसत होते.
मार्चमध्ये माझी ग्रॅच्युइटी आहे.
चष्मा स्वच्छ होता, तरी पुसत होते.

"जागा नव्हती," मी म्हणालो,
"गुरुवारी लिहिली. साडेअकराला."
टायपिस्टने मान वर न करता विचारलं, "सकाळी?"
"सकाळी."

निकाल अजून नाही.
बाहेर मांडवीत कॅसिनोच्या बोटी
दुपारच्या उन्हात न धुतलेल्या भांड्यांसारख्या.
ती कठड्याशी उभी.
आभार मानले नाहीत तिने. कशाचे मानणार?
"डिचोलीची बस कितीची?" एवढंच.
दीडची, मी सांगितलं. वेळा मला पाठ असतात.

कदंबमध्ये गर्दी नव्हती.
ती खिडकीशी बसली,
मी त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला.
मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा,
साखळीपर्यंत तिथे कुणी बसलं नाही.